प्रकरण चौदावे : मधली वायर

गाडी विकायची हे बुधवारी संध्याकाळी ठरले, आणि ती चालूच होत नाही हे त्यानंतर लगेच कळले.

ठरले म्हणजे शैलेशने सांगितले आणि बाकीच्यांनी चहा संपवला. अप्पा गेल्यापासून सरावलीच्या घरात ठराव असेच होत होते. वापीचे कोणी गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात, ते शुक्रवारी सकाळी येणार, गाडी चालवून बघणार आणि पटली तर घेऊन जाणार. शैलेश थोरला, त्यामुळे वापीचे गृहस्थही त्यालाच सापडले होते.

"विकली की चार भाग होतात," तो म्हणाला. "गाडी म्हणून ठेवली तर होत नाहीत. एवढाच मुद्दा आहे."

या मुद्द्यापुढे कोणाचे चालले नाही, कारण तो मूळचा आईचा होता. रंभाबाईंनी चार मुले वाढवली ती समान वाटणीवर. लाडू एकच उरला तर त्या तो दोऱ्याने कापत. सुरीने कापला की चुरा कोणाकडे गेला यावरून भांडण होते, असा त्यांचा अनुभव होता. निवृत्त झाल्यावर अप्पांनी कोणालाही न विचारता ही लाल ट्रायम्फ दारात आणली, तेव्हा त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत वाकून पाहिले आणि एवढेच विचारले, "दोनच सीटा?"

अप्पा तारापूरच्या वीज केंद्रात फिटर होते. केंद्र उभे राहत असताना आलेल्या कोणा परदेशी इंजिनियरने ती गाडी मागे ठेवली, आणि मग ती याच्या त्याच्या अंगणात उभी राहत राहत शेवटी अप्पांकडे पोहोचली. टप उघडणारी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, शर्यतीच्या गाड्यांच्या वंशातली.

"एक चालवणार, म्हंजी जागा एकालाच," रंभाबाई म्हणाल्या होत्या. "एकाला न्यायचं आन् तिघांना ठेवायचं, ह्ये माझ्या घरात चालायचं न्हाई."

असे म्हणून त्यांनी स्वतःलाही त्यातून वगळले. तेव्हापासून अप्पांच्या शेजारच्या सीटवर घरातले कोणी बसले नाही. बसला तो दळणाचा डबा. अप्पा दर आठवड्याला तो सीटवर ठेवत, त्याला पट्टा बांधत आणि टप उघडा टाकून गिरणीत जात. बोईसरच्या नाक्यावर ट्रकवाले त्यांना बाजू देत.

प्रदीपला गाडी विकायला नको होती.

ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती. नर्मदाला, बायकोलाही नाही. प्रदीप भावंडांत दुसरा. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचा, आणि कोणी काही म्हटले की "बरोबर आहे" म्हणायचा. ते खोटे नसे. समोरचा बोलत असताना त्याला ते खरोखरच बरोबर वाटे. अडचण एवढीच की त्यानंतर दुसरा बोलू लागे. सुटीच्या दिवशी मात्र तो अप्पांबरोबर त्या गाडीचे बॉनेट उघडून उभा राहायचा. दोघे इंजिनावर वाकले की बोलावे लागत नसे. अप्पा हात पुढे करत आणि प्रदीप त्यावर पाना ठेवी, आणि तो बहुतेक वेळा बरोबरच पाना असे. आयुष्यात न विचारता बरोबर ठरल्याचे त्याला तेवढेच आठवत होते.

शैलेशने घरामागच्या शेडमध्ये जाऊन ताडपत्री काढली, किल्ली फिरवली. इंजिन नुसतेच गरगरले. मग शेजारच्या गॅरेजमधून देवूला बोलावणे गेले. देवूने बॉनेट उघडून आत डोके घातले आणि बराच वेळ ते बाहेर काढले नाही.

"इंजिन चांगला हाय," तो आतूनच म्हणाला. "वायरी नाय ऱ्हायल्या. उंदरांनी खाल्ल्या. प्लगाला करंट जाणार कसा?"

"किती वायरी?" शैलेशने विचारले.

"चार प्लग, चार वायरी. ही कॉइलची मधली तेवढी वाचली. ही अप्पांनी गेल्या साली नवी लावली ना. उंदरालाही नवी चव आवडली नसेल." त्याने ती आखूड, जाड वायर ओढून काढली आणि प्रदीपच्या हातात दिली. "ही नमुन्याला न्या. खिशात मावंल. हेराल्ड गाडीची लागंल ती हिला पण लागते."

"प्रदीप आणेल," शैलेश म्हणाला.

"प्रदीपदादाच आणू दे," पुष्पलता म्हणाली.

"तोच बरा," धाकटा प्रफुल्ल म्हणाला.

आपले मत नसलेल्या माणसावर सगळ्यांचा विश्वास असतो. त्या संध्याकाळचे हे पहिले आणि शेवटचे एकमत.

पुढचा तासभर प्रदीप त्या घरात कुठेही उभा राहिला तरी कोणी ना कोणी त्याच्या शेजारी येऊन उभे राहत होते.

शैलेश फाटकाशी आला. "हे बघ, साधी रबरी वायर घे. मीटरवर मिळते. आपल्याला ती वर्षभर टिकवायची नाहीये. वापीच्या माणसाने इंजिन ऐकलं, की आपलं काम झालं."

"बरोबर आहे."

"पुष्पी काहीतरी भारी घ्यायला सांगेल. तिचं ऐकू नकोस. तिचा जीव अडकतो वस्तूंत."

"नाही ऐकत."

पुष्पलता स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा सोलत होती. पालघरला दिलेली, त्यामुळे माहेरच्या प्रत्येक गोष्टीत तिला उशिरा कळते अशी तिची तक्रार असे, आणि ती खरी होती.

"विकताय तर विका," ती म्हणाली. "मी आडवी येणार नाही. पण काळी वायर आण, आत तांब्याची तार असते ती. अप्पा तीच लावायचे. तिने गाडीतला रेडिओ खरखरतो, आठवतं? मी कॉलेजहून... नाही, तेव्हा गाडी नव्हती. माहेरपणाला आले की नाक्यावर नुसती खरखर ऐकू यायची आणि कळायचं, अप्पा दळण घेऊन आले."

"आठवतं."

"लेक सासरी धाडताना फाटकं नेसवतात का कोणी? शैलेशदादा तुला चालू माल आणायला सांगेल."

"सांगितला."

"मग?"

"तुझंही बरोबर आहे," प्रदीप म्हणाला.

प्रफुल्लने त्याला अंगणात पकडले आणि मोबाइल नाकासमोर धरला. त्यात कोणी हातमोजे घातलेला माणूस एका इंजिनाला निळ्याशार वायरी लावत होता.

"सिलिकॉन," प्रफुल्ल म्हणाला. "उष्णतेने वितळत नाही, तेलाने फुगत नाही. आणि बॉनेट उघडलं की माणूस बघतच राहतो. मी प्लॉट विकतो, मला विचार. आधी गेट रंगवायचं असतं."

"म्हणजे विकायची आहे तुला?"

"मला विचारलं कोणी?" प्रफुल्लचा आवाज चढला. "दादाने वापीचा माणूस परस्पर ठरवला. धंदा माझा खरेदी-विक्रीचा, आणि मला बोलावलं कशाला, तर चहाला! तू निळी आण. दादाला कळू दे."

नक्की काय कळू दे, हे प्रदीपला समजले नाही. पण प्रफुल्ल ज्या तिडकीने बोलला तीत तथ्य आहे असे त्याला वाटले.

रंभाबाई खाटेवर बसून सुपात गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्येंच्या हातची येक वायर ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "लाल चिकटपट्टीवाली. ती फेकू नगंस."

"ती उंदरांनी कुरतडलीय, आई."

"समदी न्हाई कुरतडली."

"बरोबर आहे," प्रदीप म्हणाला.

स्कूटरवरून घरी जाताना नर्मदाने मागून विचारले, "काय म्हणाले सगळे?"

त्याने सांगितले.

"आणि तुम्ही कोणाला हो म्हणालात?"

"सगळ्यांना."

 मग ती म्हणाली, "आणि तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

"मी? मी फक्त आणणार आहे."

गुरुवारी त्याने दुसऱ्या पाळीची ड्यूटी घेतली आणि सकाळी निघाला. त्याने त्यावर रात्री विचार केला होता, आणि उत्तर इतके सरळ निघाले की त्याला स्वतःचीच शंका आली. प्लग चार होते. मते चार होती. प्रत्येकाच्या मताची एकेक वायर घ्यायची; आईची तर जुन्यांतलीच होती. कोणाला नाही म्हणायचे नाही, कोणाचा लाडू छोटा होत नाही. आईच्या शिकवणीचा इतका चोख उपयोग या घरात आजवर कोणी केला नव्हता.

शैलेशची वायर नवापूर रोडला मिळाली. दुकानदाराने रिळावरून ती सुतळीसारखी ओढली आणि कापून दिली. ती करडी होती आणि वाकवली की वाकलेलीच राहायची.

प्रफुल्लची निळी मात्र गाड्यांच्या दुकानांत सुटी मिळेना. ती सापडली मोटारसायकलींना दिवे आणि स्टिकर लावणाऱ्या एका दुकानात. तिथला माणूस उत्तर प्रदेशातला होता आणि फार उत्साही होता.

"कौन सी बाइक है, काका?"

"बाइक नहीं है. ट्रायम्फ है."

"ट्रायम्फ!" त्याने प्रदीपकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, त्याची बाजाराची पिशवी, शर्टाच्या खिशातले दोन पेन. "क्या बात है. आप चलाते हैं?"

प्रदीपने खुलासा केला नाही. त्या दुकानातून तो निघाला तेव्हा त्याची चाल थोडी बदललेली होती, आणि ते लक्षात येताच त्याने ती पूर्ववत केली.

पुष्पलतेच्या काळ्या वायरीसाठी पालघरला जावे लागले. कचेरी रोडला एक जुने दुकान होते. त्याचा मालक चष्मा कपाळावर ठेवून वर्तमानपत्र वाचत होता, म्हणजे बहुधा वाचत नव्हता. प्रदीपने खिशातून नमुना काढून काउंटरवर ठेवला.

"तांब्याची हवी? तांब्याने ठिणगी जोरात पडते, पण रेडिओ ओरडतो," मालक म्हणाला. "कार्बनची घ्या. शांत असते."

"ओरडणारीच हवी."

"चार देऊ?"

"एक."

मालकाने चष्मा खाली घेतला. "एकच? अहो, चारही एका जातीच्या लावायच्या असतात. बाकीच्या तिघींनी काय घोडं मारलंय?"

"घरच्यांनी तसं ठरवलंय."

"घरचे चालवणार का?"

"नाही, विकायची आहे."

"मग घेणारा बघेल की. तुम्ही कशाला तंगडतोड करताय?"

प्रदीपने यावर विचार केला. प्रश्न रास्त होता. सकाळपासून तो एका विकावीशी न वाटणाऱ्या गाडीला विकण्याजोगी करत तालुकाभर हिंडत होता, आणि हे काम त्याने नेहमीसारखे नीट केले होते. त्याने काळी वायर पिशवीत टाकली, नमुना पँटच्या खिशात ठेवला आणि ड्यूटीवर गेला.

शुक्रवार म्हणजे बोईसरचा रविवार. कारखान्यांची साप्ताहिक सुटी त्या दिवशी असते, त्यामुळे सगळे घरी सापडतात. दहाच्या आत सरावलीच्या अंगणात फडतरे कुटुंब जमले होते. प्रफुल्लने गाडी धुऊन काढली होती. शैलेशने वापीच्या गृहस्थांसाठी प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवली होती, आणि ते आले तेव्हा तिच्यावर बसले नाहीत. ते ठेंगणे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गाडीला आधी नमस्कार केला आणि मग माणसांना.

"फार सरस छे," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना कळावे म्हणून, "खूप छान ठेवली."

"वडील जीव लावायचे," पुष्पलता म्हणाली.

"आमच्याकडे पण तसीच राहील, बेन. माझ्याकडे सोळा गाड्या हाय. पाऊस काय, धूळ काय, कुणाला बाहेर काढतच नाय."

पुष्पलतेचा चेहरा किंचित बदलला. तिने शैलेशकडे पाहिले. शैलेशने नजर दुसरीकडे नेली.

देवू बॉनेटखाली होता. प्रदीपने त्याला पिशवी दिली होती आणि कोणत्या वायरी हे न सांगता तो आईच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिला होता. देवूने एकेक वायर काढली, तिच्याकडे पाहिले, प्रदीपकडे पाहिले आणि ती लावली.

"बघू दे," वापीचे गृहस्थ पुढे झाले. त्यांच्यामागून शैलेश, प्रफुल्ल, पुष्पलता. इंजिनावर एक काळी वायर होती, एक निळी, एक करडी, आणि एक लाल चिकटपट्टीची, तिच्यावर उंदराचे दात. चौघेही आत पाहत राहिले. प्रफुल्ल म्हणाला होता तसेच झाले. माणसे बघतच राहिली.

"ये फॅक्टरी फिटिंग हाय?" गृहस्थांनी विचारले.

"नाय शेठ," देवू म्हणाला. "ही फॅमिली फिटिंग हाय."

"प्रदीप," शैलेश दबक्या आवाजात म्हणाला, "हे काय आहे?"

"तू सांगितलीस ती ही करडी."

"मी एक सांगितली नव्हती! चार सांगितल्या होत्या!"

"आणि मी चार निळ्या," प्रफुल्ल म्हणाला. "एकटी निळी काय शोभा देणार? हे म्हणजे वरातीत एकालाच फेटा."

"म्हणजे तू याला निळी सांगितलीस?" शैलेश त्याच्याकडे वळला. "मला न विचारता?"

"तू मला विचारून माणूस आणलास का?"

"माणूस" नम्रपणे दोन पावले मागे सरकला.

"भांडू नका," पुष्पलता म्हणाली. "गाडी चालू होतेय का बघा. आणि दादा, ते सोळा गाड्या कोंडून ठेवणार आहेत हे तुला माहीत होतं?"

"बाहेर काढली काय, कोंडली काय, विकल्यावर आपला काय संबंध?"

"काय संबंध! घ्या!"

"देवू, मार स्टार्टर," शैलेश म्हणाला.

देवूने किल्ली फिरवली. इंजिन गरगरले. पुन्हा गरगरले. त्यापलीकडे काही झाले नाही. देवू खाली उतरला, पुन्हा डोके आत घातले, आणि आतून विचारले, "प्रदीपभाऊ, मधली कुठाय?"

सगळ्यांनी प्रदीपकडे पाहिले. प्रदीपचा हात आपोआप पँटच्या खिशाकडे गेला. कालची पँट, कालचा नमुना. ती तिथेच होती. मते चार मोजली, वायरी चार जमवल्या, आणि पाचवी, जिच्यातून चारींना करंट जातो, ती तो सबंध तालुक्यातून फिरवून परत आणून विसरला होता.

"विसरलास ना?" शैलेश म्हणाला. "वाटलंच मला. खिशात बघ."

प्रदीपने हात खिशातच ठेवला.

"थांब जरा," रंभाबाई म्हणाल्या. त्या खाटेवरून उठून, पदर सावरत गाडीपर्यंत आल्या. त्यांना आत नीट दिसत नव्हते, म्हणून त्यांनी बोटाने एकेक वायर चाचपली. "ही तर माजी. पट्टी लागती हाताला. ही काळी कुणाची?"

"माझी, आई," पुष्पलता म्हणाली.

"ही गुळगुळीत?"

"प्रफुल्लची."

"म्हंजी ही मरतुकडी शैल्याची." त्यांनी बोटे मोजली. "चार झाल्या. प्रदीप, तुजी कुटली?"

"माझी नाही."

"का न्हाई?"

"चारच होत्या, आई."

"पोरं माजी चार हायत," रंभाबाई म्हणाल्या. "चार पोरांच्या चार वायरी. मग ही माजी कशी आली यात? म्या कवा वाटणीत आसती व्हय? लाडवाचं चार तुकडं केलं तर माजा पाचवा कुटं आसतूया?"

तो कुठे असतो हे त्यांच्यापैकी कोणी कधी पाहिलेच नव्हते.

"मला वाटा दिलास आन् सोत्ताला इसरलास," त्या म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या. घरात प्रथमच वाटणी चुकली होती. "आता बोल. तुला काय पायजे?"

 वापीच्या गृहस्थांनाही काहीतरी चालले आहे एवढे कळले आणि ते शेवटी खुर्चीवर बसले. नर्मदा तुळशीपाशी उभी होती. ती प्रदीपकडे पाहत नव्हती, ती मुद्दाम पाहत नव्हती. प्रदीपला दोन्ही बाजूंचे मुद्दे दिसत होते. शैलेशचे बरोबर होते. पुष्पीचे बरोबर होते. खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांनी तर एवढा प्रवास केला होता.

त्याने खिशातून वायर काढली.

"ही मधली," तो म्हणाला. "पण मी लावणार नाही."

"का?" शैलेशने विचारले.

"लावली तर गाडी चालू होईल."

"त्यासाठीच लावायची असते!"

"आणि चालू झाली तर तुम्ही विकाल." प्रदीपचा आवाज नेहमीइतकाच होता, फक्त तो थांबला नाही. "मला ती विकायची नाही, दादा. कारण विचारू नकोस, मला नीट सांगता येणार नाही. मी तिला चालवीन. पेट्रोल मी घालीन. शेड माझ्या घराशी बांधीन. पण विकायची नाही."

"मीही हेच म्हणत होतो," प्रफुल्ल ताबडतोब म्हणाला.

"तू कधी म्हणालास?"

"मनात."

"मला चालेल," पुष्पलता म्हणाली. "सोळांत सतरावी होण्यापेक्षा इथे बरी. दळण तरी आणेल."

शैलेश एकटा पडला होता. त्याला याची सवय नव्हती, आणि ते त्याच्या उभे राहण्यात दिसत होते. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण मग वाटणी कशी करायची ते सांगा. आईने सांगावं. एक गाडी, चार भाग. दोऱ्याने कापता का?"

"केलीया की त्यानं," रंभाबाईंनी बॉनेटमध्ये हात दाखवला. "समद्यांचं येकेक लागलंय तितं. तुजं बी लागलंय, मरतुकडं आसलं तरी. येक काढली तर ती नीट चालंल का रं, देवू?"

"नाय, आजी. मग लंगडंल."

"झालं तर." मग त्यांचे बोट लाल पट्टीवर थांबले. "आन् यात माजा बी येक हाय. काढू नगा आता. प्रदीप, लाव ती."

प्रदीपने मधली वायर देवूकडे दिली नाही. तो स्वतः वाकला, एक टोक कॉइलमध्ये दाबले, दुसरे, जिथून चारही वायरी निघतात त्या टोपणाच्या मधोमध, आणि ते बसल्याची बारीक टक ऐकली. मग तो चालकाच्या जागी बसला. किल्ली फिरवताच इंजिन लागले. ते गुळगुळीत चालत नव्हते. जरासे अडखळत, जरासे ओरडत, पण चारही बाजूंनी चालत होते. रेडिओ कोणी लावलेलाच होता की काय, तो खरखरू लागला. पुष्पलतेने पदराने नाक पुसले आणि शेंगांचे काहीतरी बघायला आत गेली.

वापीचे गृहस्थ उठून गाडीजवळ आले, मान कलती करून आवाज ऐकला. "मी परत येईन," ते म्हणाले. "पुढच्या साली." शैलेश त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला आणि तिथून चारदा माफी मागितल्याचे ऐकू आले.

तो परतला तेव्हा रंभाबाई घरातून दळणाचा डबा घेऊन बाहेर येत होत्या. नर्मदा धरायला पुढे झाली, पण त्यांनी दिला नाही. गाडीच्या उघड्या दारापाशी येऊन त्यांनी आतली सीट हाताने झाडली, आधी बसल्या, मग एकेक पाय आत घेतला आणि डबा मांडीवर ठेवला.

"आई," शैलेश म्हणाला, "आज शुक्रवार. गिरणी बंद असते."

"म्हाईत हाय."

शैलेश गाडीपाशी आला. मग तो गुडघ्यावर बसला आणि सीटचा पट्टा त्यांच्याभोवती ओढू लागला. पट्टा पुरेना. इतकी वर्षे तो डब्याच्या मापावर बांधलेला होता. शैलेशने बकल उलटे केले, गंजलेली कडी नखाने रेटली आणि वीतवीत करत पट्टा सैल केला. डबा आणि आई, दोन्ही आत आली.

"घट्ट होतोय?"

"न्हाई. बराबर हाय."

"कुठे न्यायचं, आई?" प्रदीपने विचारले.

"तूच सांग."

प्रदीपने रस्त्याकडे पाहिले. "शिरगावला. किल्ल्यापर्यंत."

"शिरगावापरीस पालघरचं म्हायीम बरं न्हाई व्हय?" रंभाबाई म्हणाल्या. "तितं झाडी हाय. सावली आसती."

देवू बॉनेट लावता लावता थांबला. प्रफुल्ल आणि शैलेशने एकमेकांकडे पाहिले. नर्मदा तुळशीपासून पुढे आली. आता तो काय म्हणणार हे अंगणातल्या सगळ्यांना पाठ होते.

"नाही," प्रदीप म्हणाला, आणि गिअर टाकला.